मात्रेचे मोल

मात्रा हा शब्द मराठीत पुष्कळ हिंडलेला आहे. कवीला तो वृत्तात लागतो, पंतोजीला अक्षराच्या डोक्यावर लागतो, आणि घरात कोणी अत्यवस्थ झाले म्हणजे वैद्याच्या बटव्यातून तो बाहेर निघतो. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर मधात उगाळून चाटवायची आणि वळसे किती घ्यायचे ते वैद्याने सांगायचे, अशी आपल्याकडची रीत. मोजमापाचेच नाव औषधाला देऊन टाकण्यात आपल्या पूर्वजांनी मोठा शहाणपणा दाखवला असे मला वाटत आले आहे. वस्तू तीच; दोन वळशांनी ती औषध ठरते आणि वीस वळशांनी विष. फरक मापात आहे, हे ज्या समाजाला कळले त्याला औषधिविज्ञानाचा अर्धा पाठ येऊन चुकला म्हणायचा.

उरलेला अर्धा पाठ मात्र त्या शब्दात नाही. दोन वळसे हे वैद्याला कोणी सांगितले? त्याच्या गुरूने. गुरूला? त्याच्या गुरूने. असे मागे मागे जात राहिले तर कोठेतरी असा एक माणूस सापडलाच पाहिजे, की ज्याने वीस वळसे देऊन पाहिले. आणि असा एक जीवही सापडला पाहिजे, की ज्याला ते देण्यात आले. आपल्या हाती माप तेवढे येते. ते मिळवताना कोणी काय सोसले याची नोंद मापाबरोबर येत नाही.

सगळ्या औषधांविषयी बोलू गेलो तर विषय हाताबाहेर जाईल. म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांपुरतेच बोलतो. एक तर ती मला परिचयाची आहेत. औषधिविज्ञान शिकवण्यात माझी उमेद गेली, आणि आता गेली काही वर्षे हृदयशूळाचा रोगी म्हणून त्यांतलीच एक पुडी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. दुसरे असे, की या औषधांत मात्रेचा प्रश्न उघडावाघडा दिसतो. थोडे कमी पडले तर छातीतली कळ जात नाही. थोडे जास्त झाले तर सगळ्या शरीरातल्या वाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, माणूस उभ्याचा आडवा होतो आणि ज्या हृदयाला विसावा द्यायचा तेच जिवाच्या आकांताने धडधडू लागते. उपकार आणि अपकार यांच्यामधली वाट इतकी अरुंद असली म्हणजे ती आखणाऱ्याला फार अचूक आखावी लागते.

रक्ताला दाब असतो ही गोष्टच मुळात एका घोडीने आपल्याला शिकवली. स्टीफन हेल्स हा इंग्लंडातला पाद्री. त्याने एक घोडी जिवंतपणी जखडून तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी बसवली, तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडली, आणि रक्त आठ फूट तीन इंच चढले असे १७३३ साली छापलेल्या ग्रंथात नोंदवले. तेव्हा भूल देण्याची विद्या निघालेली नव्हती. हेल्स दुष्ट नव्हता. कोंदट तुरुंगांत आणि जहाजांत ताजी हवा खेळवण्याची युक्ती काढून त्याने असंख्य माणसांचे प्राण वाचवले. त्याच्या शेजारच्या गावी राहणारा कवी अलेक्झांडर पोप त्याच्यावर प्रेम करी, आणि तरीही म्हणे, की कुत्र्यापेक्षा आपण एवढेसेच तर वरचे. मग आपल्या उपयोगासाठी का होईना, त्याला मारण्याचा अधिकार आपल्याला आहे हे कशावरून? तीनशे वर्षे होत आली. प्रश्न जेथे होता तेथेच उभा आहे, आणि उत्तरादाखल आपण त्याला आकडे देत आलो आहोत.

रोहिण्या रुंदावणाऱ्या औषधांचा खरा इतिहास सुरू होतो तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि गमतीची गोष्ट अशी की त्याच्या आरंभी माणसेच स्वतःवर प्रयोग करताना दिसतात. १८५९ साली गथ्री या रसायनशास्त्रज्ञाच्या नाकात ॲमिल नायट्राइटची वाफ गेली आणि त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ठणकू लागल्या. पुढे एडिंबरो येथे गॅम्जीने जनावरांवर आणि माणसांवर या द्रव्याने रक्तदाब उतरतो हे पाहिले. तेथल्याच रुग्णालयातला तेवीस वर्षांचा डॉक्टर लॉडर ब्रंटन आपल्या एका रोग्याची रात्रीची कळ पाहून हैराण झाला होता. रक्त काढले म्हणजे त्या रोग्याला बरे वाटे. तेव्हा दाब उतरवणे हाच उपाय असावा असा तर्क करून त्याने गॅम्जीचे द्रव्य कापडावर पाचदहा थेंब घालून हुंगवले, आणि मिनिटाच्या आत कळ गेली. हे त्याने १८६७ साली प्रसिद्ध केले.

नायट्रोग्लिसरिनची कथा याहून बोलकी आहे. १८४७ साली तुरीनच्या सोब्रेरोने ते बनवले आणि जिभेला लावून पाहताच डोके फुटेल की काय असे त्याला वाटले. १८५८ साली इंग्लंडात फील्ड नावाच्या डॉक्टरने त्याच्या पातळ द्रावाचे दोन थेंब जिभेवर घेतले आणि तो जवळजवळ शुद्ध हरपून बसला. इतरांनी तोच प्रयोग केला तर कोणाला काही झालेच नाही. वीस वर्षे हा वाद तसाच पडून राहिला. मग विल्यम मरेलने एक दिवस बाटलीचे ओले बूच सहज चाटले. काही क्षणांत त्याचे हृदय असे आदळू लागले, की प्रत्येक ठोक्यासरशी हातातली लेखणी उडू लागली. मरेल तेवढ्यावर थांबला नाही. त्याने ते औषध तीसचाळीस वेळा स्वतः घेतले, पस्तीस माणसांना देऊन पाहिले, आणि नंतरच रोग्यांना दिले. १८७९ साली त्याने सांगितलेला ग्रेनचा शंभरावा हिस्सा पुढे कित्येक पिढ्या वैद्यकाच्या पुस्तकांत टिकून राहिला.

मरेलची आठवण झाली की मला शिबिराजा आठवतो. कपोताच्या भारंभार मांस द्यायचे ठरल्यावर शिबीने तराजूच्या दुसऱ्या पारड्यात स्वतःची मांडी कापून घातली. कीर्तनकार ही कथा औदार्याची म्हणून सांगतात. मला ती मोजमापाची कथा वाटते. वजन दुसऱ्याच्या मांसाने भरून काढणे शिबीला सहज शक्य होते, राजाच तो. ज्याला मोजायचे आहे त्याने आपले अंग पारड्यात घालावे, हा त्या कथेतला दंडक आहे आणि मरेलने नकळत तो पाळला.

पण येथेच शिबीचा दंडक तोकडा पडतो, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. मरेलला स्वतःच्या जिभेवर काय कळले? औषध कोठून लागू पडू लागते, एवढेच. ते कोठून मारू लागते हे त्याला कळण्यासारखे नव्हते. कळले असते तर सांगायला तो उरला नसता. मात्रेला दोन टोके असतात. खालचे टोक माणूस स्वतःच्या अंगावर शोधू शकतो. वरचे टोक शोधायला दुसऱ्याचे अंग लागते, आणि ‘निर्धोक मात्रा’ या शब्दाला जो काही अर्थ आहे तो सगळा त्या वरच्या टोकावरून ठरतो.

हे दुसरे अंग कोणाचे, याचे उत्तर विसाव्या शतकाने फार पद्धतशीरपणे दिले. डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारखी औषधे तेव्हा जनावरांवर पाहूनच मोजावी लागत. त्यांची मापे जुळेनात म्हणून १९२७ साली ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने सुचवले, की ज्या मात्रेने कळपातली निम्मी जनावरे मरतात ती मात्रा प्रमाण धरावी. हिशेबाच्या दृष्टीने ही सूचना निर्दोष होती. पहिले जनावर कोणत्या मात्रेला मरेल आणि शेवटचे कोणत्या, हे दैवाधीन असते. मधला आकडा स्थिर राहतो. मारक मात्रेला गुणकारी मात्रेने भागले की औषध किती निर्धोक ते कळले. पुढे हा अर्धमारक मात्रेचा आकडा साऱ्या जगाच्या कार्यालयांतून रकाना भरण्यासाठी मागितला जाऊ लागला. ज्या द्रव्यांत त्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता त्यांच्यासाठीसुद्धा. आर्थिक सहकार्य संघटनेने आपल्या नियमावलीतून ती जुनी चाचणी वगळली ती २००२ साली. पंचाहत्तर वर्षे एका भागाकारासाठी लहान जिवांचे कळपच्या कळप निम्मे होत राहिले.

म्हणून हे सारे निरर्थक होते असे म्हणणाऱ्यांत मी नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे चांगले औषध एका गोड पातळ द्रव्यात विरघळवून बाजारात आणले गेले. ते पातळ द्रव्य मूत्रपिंडे जाळणारे विष होते. एकाही जनावराला ते आधी पाजून पाहिलेले नव्हते. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत पुष्कळशी मुले होती. दुसऱ्याच वर्षी तेथे औषधाची निर्धोकता आधी सिद्ध करण्याचा कायदा आला. त्या मुलांच्या आईबापांसमोर उभे राहून चार सशांचा जीव वाचला हे चांगले झाले, असे म्हणण्याची माझी छाती नाही. हिंद स्वराज्यात गांधींनी जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी डॉक्टरांना धारेवर धरले आहे; ते वाचताना मान खाली जाते, आणि तरीही ही मुले डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आमच्या विद्यार्थिदशेत कुत्र्याच्या रक्तदाबाचे प्रात्यक्षिक असे. भूल दिलेले कुत्रे लाकडी फळीवर उताणे बांधलेले, मानेच्या रोहिणीत नळी, मांडीच्या नीलेत औषध टोचण्याची सोय, आणि शेजारी काजळी धरलेला कागद गुंडाळलेले पिंप सावकाश फिरत असे. पाऱ्यावर तरंगणारी सुई त्या काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढी. ॲड्रिनॅलिन टोचले की रेघ डोंगरासारखी चढे. नायट्राइट टोचले की विहिरीत पोहरा सुटावा तशी खाली येई. मग मास्तर एक निनावी औषध टोचीत आणि रेघेवरून आम्ही ते ओळखायचे. तास संपला की कागद रोगणात बुडवून वाळवीत, त्याचे तुकडे आम्ही आपापल्या जर्नलांत चिकटवीत असू. कुत्रे शुद्धीवर येत नसे. तशी सोयच नव्हती. त्या रेघेत नवे असे काहीही नव्हते. ती आमच्या पुस्तकात छापलेलीच होती, आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलांतही होती. आज हे प्रात्यक्षिक संगणकाच्या पडद्यावर दाखवतात आणि मुले ते ओळखतात आमच्याइतकेच बरोबर. या एका बाबतीत तरी मला कोणताही पेच दिसत नाही: ज्याचे उत्तर आधी माहीत आहे त्याच्यासाठी जीव घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पेच सुरू होतो तो उत्तर माहीत नसते तेव्हा. आणि या पेचाचे जे रूप या औषधांनी मला दाखवले ते मला दुसरीकडे कोठे वाचायला मिळालेले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५९ च्या सुमारास डायपिरिडॅमोल नावाचे औषध आले. निरोगी कुत्र्याला ते टोचले की हृदयाच्या रोहिण्या भरघोस रुंदावत, त्यांतला रक्तप्रवाह अनेक पटींनी वाढे. नायट्रोग्लिसरिनची वाढ त्यापुढे क्षणभराची. कोणालाही वाटावे की हृदयशूळावरचा रामबाण सापडला. प्रत्यक्षात रोग्याची कळ थांबवण्यात ते नायट्रोग्लिसरिनच्या जवळपासही पोहोचेना. असे का व्हावे? १९६४ साली माँट्रियल येथे फॅम आणि मॅकग्रेगर यांनी वेगळ्या कुत्र्यांवर प्रयोग केला. या कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी आधी बंद केलेली होती, आणि तिच्या क्षेत्राला शेजारच्या लहान जोडवाहिन्यांतून कसेबसे रक्त पोहोचत होते. म्हणजे रोगी माणसाच्या हृदयाची जी स्थिती असते ती. त्या उपाशी क्षेत्राकडे जाणारे रक्त नायट्रोग्लिसरिनने वाढले. डायपिरिडॅमोलने ते वाढले नाही.

कालव्याखालची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. पाट एकच असतो. शेपटाकडच्या शेतकऱ्याने आपली मोरी आधीच होती तेवढी उघडून ठेवलेली असते, कारण त्याला पाणी कमीच मिळते. आता वरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी आपापल्या मोऱ्या सताड उघडल्या तर एकूण पाणी पुष्कळ वाहील, वरचे वाफे तुडुंब भरतील, आणि शेपटाकडे होते तेही पाणी पळेल. डायपिरिडॅमोल वरच्यांच्या मोऱ्या उघडते. रोगग्रस्त भागातल्या लहान वाहिन्या मुळातच पूर्ण सैलावलेल्या असतात; त्यांना आणखी सैलावायला जागा नसते. पुढे याच दुर्गुणाचा उपयोग करून या औषधाने कोणत्या भागाला रक्त कमी पडते ते शोधण्याची तपासणी निघाली, ही गोष्ट वेगळी.

आता नीतीच्या अंगाने पाहा. पहिले प्रयोग त्यामानाने सौम्य होते. निरोगी कुत्रे, भूल, एक टोचणी, एक रेघ. त्यांनी दिलेले उत्तर खोटे होते असेही नाही. निरोगी कुत्र्यापुरते ते खरेच होते. खरे उत्तर मिळवायचे तर कुत्र्याला आधी रोगी करावे लागले. त्याची छाती उघडावी लागली, रोहिणी बंद करावी लागली, तो उपाशी हृदय घेऊन जगेल इतके दिवस त्याला जगवावे लागले, आणि मग त्याला विचारावे लागले. म्हणजे ज्ञान जितके नेमके, तितके त्याचे मोल जबर. प्राण्यांच्या कैवाऱ्यांना वाटते की क्रूर प्रयोग हे मूर्खपणाचेही असतात. शास्त्रज्ञांना वाटते की आपण दयाळू होत गेलो तरी शास्त्राचे काही बिघडत नाही. दोघांचीही सोय पाहणारी ही समजूत आहे. १९६४ ची ती कुत्री दोघांनाही सोयीची नाहीत.

याच्या उलट बाजूचीही एक हकीकत आहे. मिनॉक्सिडिल हे रक्तवाहिन्या सैल करणारे जालीम औषध. कुत्र्यांना ते दिले तेव्हा त्यांच्या हृदयाच्या उजव्या अलिंदात रक्तस्राव झालेले डाग आढळले, स्नायूंचे भाग मेलेले आढळले. दाब कोसळायचा, त्याची भरपाई करायला हृदय बेफाम धावायचे, आणि धावताधावता स्वतःच उपाशी मरायचे. माणसांची हृदये तपासली तेव्हा तसे डाग काही सापडले नाहीत. या बाबतीत कुत्रे आपल्यापेक्षा फार हळवे निघाले. १९७९ साली अमेरिकेत ते औषध मान्य झाले ते कडक अटींवर, इतर कशानेही न हटणाऱ्या रक्तदाबासाठीच. तेवढ्यात ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवू लागले, आणि १९८८ पासून त्याचे पातळ रूप टकलावर चोळण्यासाठी विकले जाऊ लागले. कुत्र्यांनी उत्तर दिले होते ते प्राणसंकटातल्या माणसासाठी. डोक्यावरच्या केसांसाठी तोच प्रश्न विचारायची कोणाची हिंमत झाली असती काय? बहुधा झाली असती, असे मला सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास पाहून वाटते. पण ते असो.

वादविवादात एक पेच नेहमी टाकला जातो: प्राणी आपल्यासारखा असेल तर त्याला छळणे पाप, आणि नसेल तर छळणे व्यर्थ. ऐकायला हा पेच बिनतोड वाटतो. पण साम्य ही अखंड वस्तू नसते. कुत्र्याची रोहिणी नायट्राइटने सैलावते ती आपल्यासारखीच. त्याचे हृदय त्या सैलपणाला जे प्रत्युत्तर देते ते आपल्याहून तीव्र. आणि भीती त्याला वाटते ती कशी, हे त्याच्या डोळ्यांत ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. कोणत्या अंशी साम्य आहे हे प्रयोगानंतरच कळते, आधी नाही. त्यामुळे ‘हा प्रयोग व्यर्थ होता’ हा निकालही जनावराच्या जिवावरच लागतो.

आजचा हिशेब कसा करतात तेही सांगतो, कारण त्यात एक आकडा मला विचार करायला लावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे, जनावराला ज्या सर्वांत मोठ्या मात्रेने अपाय दिसला नाही ती घ्यायची; किलोमागे असलेली ती मात्रा कुत्र्याची असेल तर १.८ ने आणि पांढऱ्या उंदराची असेल तर ६.२ ने भागायची, कारण लहान अंगाचे चलनवलन जलद असते. आलेल्या उत्तराला पुन्हा निदान १० ने भागायचे आणि तेथून माणसावर आरंभ करायचा. १.८ आणि ६.२ हे आकडे अंगाच्या पृष्ठभागावरून काढलेले आहेत. हा १० कोठून आला? तो अज्ञानाचा भाजक आहे. जनावराने एवढे सोसून दिलेल्या उत्तरावर आमचा विश्वास दशांशच आहे, अशी ती सही आहे. शास्त्राच्या दृष्टीने ती सही करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ती केल्याबद्दल मी शास्त्राला मानतो. पण एवढा कमी विश्वास ज्या साक्षीवर ठेवायचा ती साक्ष काढताना किती छळ करावा, याला काही प्रमाण असावे की नाही?

आता एक गोष्ट अशी, की ती या सगळ्या काळोख्या हिशेबात थोडी उजेडाची आहे. भूल देणारी औषधेच मुळात रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या गतीत ढवळाढवळ करतात. भूल दिलेल्या जनावरावर काढलेली मात्रा त्यामुळे सदोष असते. जागे जनावर घ्यावे तर ते घाबरते, आणि घाबरलेल्या जनावराचा दाब व नाडी दोन्ही चढलेली असतात. तो आकडाही बिघडला. म्हणून हल्ली दाब मोजणारे लहानसे यंत्र शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या अंगात बसवतात, जखम भरू देतात, कुत्रे आपल्या जागेत हिंडतेफिरते राहते आणि आकडे बिनतारी पोहोचतात. माणसाळलेल्या, निर्धास्त कुत्र्याचा आकडाच सर्वांत भरवशाचा. येथे दया आणि सत्य एका बाजूला येऊन उभी राहिली. रसेल आणि बर्च या दोन इंग्रजांनी १९५९ साली आपल्या ग्रंथात तीन नेम सांगितले: शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरे साधन घ्या, संख्या कमी करा, यातना कमी करा. त्यांचे म्हणणे असे होते की सौजन्याने केलेला प्रयोग हाच चांगला प्रयोग. पुष्कळदा ते खरे ठरते, हे मान्य. उपाशी हृदयाच्या कुत्र्यांपाशी ते खरे ठरत नाही, एवढीच माझी पुरवणी.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. राज्यसभेत हा विषय आधी आणला होता नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. त्या कायद्याने ज्ञानासाठी व रोगनिवारणासाठी केलेले प्रयोग मोकळे ठेवले आणि त्यांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद केली. तडजोड म्हणून ती वाईट नाही. मला बोचते ते दुसरेच: या व्यवहारात आपण वापरतो ती भाषा. शोधनिबंधांत जनावर मारले असे लिहीत नाहीत. त्याचे बलिदान केले असे लिहितात. यज्ञात यजमान स्वतःचे काही देतो, निदान तशी समजूत असते. येथे दान कोणाचे आणि देणारा कोण? भागवतात प्राचीनबर्हि राजाची गोष्ट आहे. यज्ञावर यज्ञ करणाऱ्या त्या राजाला नारद दाखवतो, की तू मारलेले पशू लोखंडी शिंगे घेऊन तुझी वाट पाहत उभे आहेत. नारद त्याला यज्ञाचे फळ खोटे होते असे म्हणत नाही. फळ मिळाले तरी देणे फिटले नाही, एवढेच त्याला दाखवायचे आहे.

माझे म्हणणे साधारण याच जातीचे आहे. खिशातली गोळी मी जिभेखाली ठेवतो, आणि पुढेही ठेवीन. ती का लागू पडते हे वैद्यकाला शंभर वर्षे माहीत नव्हते. १९८० साली फर्चगॉटने सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर काम करताना वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराचे रहस्य उलगडले, आणि त्या वाटेने नायट्रिक ऑक्साइडपर्यंत पोहोचलेल्या तिघांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक ज्याच्या नावाचे आहे त्या आल्फ्रेड नोबेलला शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनच घ्यायला सांगितले होते. हे सगळे मला आनंद देते. पण उपयोग झाला म्हणून अन्याय झालाच नव्हता, असे म्हणायला मी तयार नाही. कर्ज काढून घर बांधले आणि घर छान झाले म्हणून कर्ज बुडवता येत नाही. धनको मुका असला तर ऋणकोने चोपडी अधिक काळजीने लिहावी, हे आपल्याकडच्या कोणत्याही सचोटीच्या पेढीवाल्याने सांगितले असते.

चोपडी लिहिण्याची वेळ आताच आहे, कारण नियम बदलत आहेत. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती कायद्यातून काढली. आपल्याकडे २०२३ साली नियमांत दुरुस्ती होऊन माणसाच्या पेशींवरच्या नव्या पद्धतींना वाट मिळाली. काचेच्या पट्टीवर वाढवलेल्या रोहिणीच्या पेशी औषधाने सैलावतात की नाही हे आज पाहता येते. ती पट्टी मात्र उभी राहिल्यावर घेरी येऊन पडत नाही. दाब कोसळल्यावर हृदयाला धावायला लावणारे मज्जातंतू तिला नाहीत. मिनॉक्सिडिलचे डाग तिने दाखवले नसते. तेव्हा या औषधांच्या बाबतीत तरी कुत्र्यावाचून इतक्यात सुटका होईल, अशी खोटी आशा मी दाखवीत नाही.

माणसांवरच्या चाचण्यांची आगाऊ जाहीर नोंद करण्याची सक्ती आपल्याकडे २००९ पासून आहे. निकाल काहीही लागो, चाचणी झाली होती हे लपवता येत नाही. जनावरांवरच्या प्रयोगाला समितीची परवानगी लागते, तशी जाहीर नोंद लागत नाही. फसलेले औषध कपाटात जाते, त्याच्याबरोबर त्याची कुत्रीही कपाटात जातात, आणि दुसऱ्या शहरातला दुसरा संशोधक तेच औषध तितक्याच कुत्र्यांना पुन्हा टोचायला मोकळा असतो. काजळीच्या कागदावरची आमची ती रेघ निदान जर्नलात तरी चिकटवलेली होती. नोंदवही माणसांसाठी आहे तशीच इकडेही ठेवावी, सर्वांना उघडी. तिच्यात बाकीचे रकाने कोणतेही असोत, पहिले दोन मला असे हवेत: हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला आहे काय, आणि निरोगी जनावर त्याचे उत्तर देऊ शकते काय. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढचा रकाना समितीतल्या प्रत्येकाने आपल्या हाताने भरावा.